न बोललेलं वाक्य : ‘विधान आणि गृहीतक’ सोडवायला शिकताना

एप्रिलची दुपार. गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्यात. खालून आईची हाक येते, ‘ढग आलेत गं, वाळवण आत घे!’ आणि आपण जिन्याकडे धावतो.

या हाकेत आई दोनच गोष्टी बोलली. ढग आलेत, आणि वाळवण आत घे. मधलं ती काहीच बोलली नाही. ढग आले की पाऊस येऊ शकतो, हे बोलली नाही. भिजलेली कुरडई वाया जाते, हेही नाही. वाळवण अजून बाहेरच आहे, हेसुद्धा नाही. हे सगळं तिनं धरून चाललं होतं, आणि आपणही धरून चाललो, म्हणून तर धावलो. परीक्षेच्या भाषेत या न बोललेल्या वाक्यांना गृहीतक म्हणतात. मुलं सर्रास ‘अझम्प्शन’ म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरते.

आता हाच प्रसंग प्रश्न म्हणून बघा. विधान : ढग आले आहेत, वाळवण आत घ्या. गृहीतक १ : आज पाऊस पडणारच आहे. गृहीतक २ : पाऊस पडण्याची शक्यता आहे. कोणतं गृहीतक विधानात दडलेलं आहे? संध्याकाळी अभ्यासिकेत मी शिकवायला बसते तेव्हा नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हा प्रश्न घालते. निम्म्याहून जास्त हात ‘दोन्ही’ला वर जातात. उत्तर फक्त २ आहे. पाऊस नक्की पडणार असं आईला वाटत नसेल, तरी ती वाळवण आत घ्यायला सांगेलच. नुसती शक्यता पुरते. ‘पडणारच’ मधला तो ‘च’ आईनं कधीच धरला नव्हता, तो आपण तिच्या तोंडी घातला. हे एकदा नीट उमगलं की या प्रकरणाची अवघड बाजू निम्मी सरते.

हे प्रश्न कुठे भेटतात ते थोडक्यात सांगते. यूपीएससीच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत २०११ पासून सीसॅटचा, म्हणजे आकलन आणि तर्काची चाचणी घेणारा, पेपर आहे : ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. त्यात उतारा देऊन खाली दोन-तीन गृहीतकं देतात आणि त्यातली कोणती ग्राह्य आहेत ते विचारतात. एमपीएससी राज्यसेवा पूर्वचा दुसरा पेपर, बँकांच्या पीओ (अधिकारी भरतीच्या) परीक्षा, एमबीएची सीईटी यांत ‘विधान आणि गृहीतकं’ असा आखीव प्रकार येतो. कायद्याच्या पदवीसाठीच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत १२० प्रश्नांपैकी सुमारे एक पंचमांश लॉजिकल रीझनिंगचे, तेही उताऱ्यावर. आणि अमेरिकेत कायदा शिकायला निघालेल्यांच्या एलसॅटमध्ये तर २०२४ च्या ऑगस्टपासून लॉजिक गेम्सचा विभाग काढून टाकला आणि लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग गुणांसाठी धरले जाऊ लागले. प्रत्येक परीक्षेची घडण वेगळी असली, तरी डोक्यात करायचं काम एकच.

आधी ‘कशावरून?’ विचारा

उतारा लहान असो की मोठा, पहिलं काम म्हणजे सांगणाऱ्याला शेवटी काय पटवायचं आहे ते पकडणं. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘सबब’, ‘यावरून’, ‘त्याअर्थी’ यांच्या पुढे बहुधा निष्कर्ष असतो. ‘कारण’, ‘ज्याअर्थी’, ‘-मुळे’ यांच्या आसपास कारण असतं. पण प्रश्न काढणारे हे शब्द मुद्दाम गाळतात, किंवा निष्कर्ष पहिल्याच वाक्यात ठेवून कारणं मागून देतात. तेव्हा प्रत्येक वाक्याला मनात ‘कशावरून?’ असं विचारायचं. ज्या वाक्याला विचारल्यावर उताऱ्यातलंच दुसरं वाक्य उत्तर म्हणून पुढे येतं, तो निष्कर्ष. ज्याला उताऱ्यात उत्तरच मिळत नाही, ते कारण. ते लेखकानं फुकट मागितलेलं आहे, आणि आपण ते त्याला देऊन टाकायचं. कारणाशी भांडत बसू नका. ‘असं कुठे असतं?’ हा विचार परीक्षेच्या बाहेर करायचा.

सूचना, जाहिरात, आवाहन असेल तर जे करायला सांगितलंय तोच निष्कर्ष समजायचा.

मग मधली दरी बघा

‘हे औषध पूर्ण नैसर्गिक आहे, म्हणून ते सुरक्षित आहे.’ कारणात शब्द आहे ‘नैसर्गिक’. निष्कर्षात आहे ‘सुरक्षित’. हा ‘सुरक्षित’ कुठून आला? कारणात त्याचं नावही नव्हतं. निष्कर्षात असा एखादा नवा शब्द उगवला, की त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल करा. गृहीतक जवळजवळ नेहमी जुन्या आणि नव्या शब्दाला जोडणारं असतं. इथे ते असं : जे नैसर्गिक ते सुरक्षित.

आता कोणी म्हणेल, धोतऱ्याच्या बियाही नैसर्गिकच आहेत आणि त्या विषारी आहेत, मग हे गृहीतक कसं? चुकीचं आहे, पण गृहीतक आहेच. आपल्याला वाक्य खरं आहे का हे विचारलेलं नाही. सांगणाऱ्यानं ते धरलंय का, एवढंच विचारलंय. खोट्या गोष्टी धरूनच तर बहुतेक युक्तिवाद फसतात. म्हणून ‘हे तर चूक आहे’ म्हणत पर्याय खोडणारा विद्यार्थी मला दिसला की मी त्याला तिथेच थांबवते.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हे फार नेटकेपणानं मांडलंय. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. नैयायिक, म्हणजे हे शास्त्र मानणारे पंडित, एवढ्यावर थांबत नाहीत. मधला दुवा उच्चारायलाच लावतात : जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग. या दुव्याला ते व्याप्ती म्हणतात, आणि दुसऱ्याला पटवायचं असेल तर तो उदाहरणासकट बोलून दाखवावा लागतो. जसं स्वयंपाकघर, तिथे धूर असतो तेव्हा आग असतेच. परीक्षेतल्या उताऱ्यात हीच व्याप्ती गाळलेली असते आणि आपल्याला ती परत जागेवर ठेवायची असते.

व्याप्तीची दिशा मात्र सांभाळा. ‘जिथे धूर तिथे आग’ आणि ‘जिथे आग तिथे धूर’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं खोटं ठरवायला नैयायिकांनी तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलंय : आग आहे, धूर नाही. प्रश्नपत्रिकेत अचूक शब्द घेऊन दिशा उलटी केलेला पर्याय हमखास असतो, आणि शब्द ओळखीचे दिसले की हात त्याच्याकडे जातो. लेखाच्या शेवटी असा एक प्रश्न ठेवलाय.

दरी प्रत्येक वेळी नव्या शब्दातच दिसेल असं नाही. कधी ती आकड्यांत असते. ‘गेल्या वर्षी आमच्याकडची ८० मुलं पास झाली, यंदा १२०. आमचं शिकवणं सुधारलंय.’ शब्द सगळे ओळखीचे, पण प्रवेश घेतलेली मुलं किती होती? गेल्या वर्षी ४०० आणि यंदा ८०० असतील, तर निकाल २० टक्क्यांवरून १५ वर घसरलाय. म्हणजे बोलणाऱ्यानं धरलंय ते असं : मुलांची संख्या त्याच प्रमाणात किंवा त्याहून जास्त वाढलेली नाही. संख्या आणि टक्केवारी यांची अदलाबदल दिसली की ‘कितीपैकी?’ हा प्रश्न मनात उमटलाच पाहिजे.

दरी दिसली की पर्याय वाचण्याआधी आपलं गृहीतक आपल्या शब्दांत दहा-बारा सेकंदांत ठरवा. मोडकंतोडकं चालेल. पर्याय आधी वाचले की प्रत्येकच थोडा थोडा बरोबर वाटायला लागतो, आणि मग निवड राहत नाही, नुसता घोळ होतो.

उलटवून बघणं

ही या लेखातली मुख्य गोष्ट, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

पर्याय घ्या. त्याच्या नेमकं उलट वाक्य करा. ते उलट वाक्य उताऱ्याशेजारी ठेवा. कारण आणि निष्कर्ष यांचा सांधा निखळला, तर मूळ पर्याय गृहीतक होता. सांधा शाबूत राहिला, तर नव्हता. ‘आज पाऊस पडणारच’ याच्या उलट ‘आज पाऊस पडेलच असं नाही’. वाळवण आत घ्यायचा सल्ला शाबूत राहिला, पर्याय बाद. ‘पावसाची शक्यता आहे’ याच्या उलट ‘पावसाची शक्यताच नाही’. सल्ल्याला काही अर्थ उरला नाही, पर्याय बरोबर.

निष्कर्ष खोटा ठरलाच पाहिजे, अशी अट नाही. दिलेल्या कारणावरून तो काढता येईनासा झाला की पुरे. कुरडया आणखी कशासाठी आत घ्याव्या लागतील, समजा कावळे आलेत. पण ‘ढग आलेत म्हणून’ हे कोसळलं.

मुलं चुकतात ती उलटं करण्यात. ‘काही दुकानं उघडी होती’ याच्या उलट काय? बरीच जणं लिहितात ‘काही दुकानं बंद होती’. पण ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. रविवारी कुठल्याही बाजारपेठेत बघा. उलट वाक्य असं हवं की दोघांपैकी एकच खरं राहील : ‘एकही दुकान उघडं नव्हतं.’ तसंच ‘सगळी दुकानं उघडी होती’ याच्या उलट ‘सगळी बंद होती’ नव्हे, तर ‘निदान एक तरी बंद होतं’. ‘नेहमी’ च्या उलट ‘कधीच नाही’ नव्हे, ‘कधीतरी नाही’. ‘शक्य आहे’ च्या उलट ‘अशक्य आहे’. आणि जर-तर असेल तर जर तसंच ठेवून तर मोडायचं : ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ याच्या उलट ‘पाऊस आला तरी सामना होऊ शकतो’. ‘पाऊस आला नाही तर सामना होईल’ हे उलट नाही, ते वेगळंच वाक्य आहे.

मराठीत सोडवणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते. ‘सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत’ या वाक्याचा अर्थ सांगा. एकही पास झाला नाही? की काही झाले, काही राहिले? आपल्या बोलण्यात दोन्ही अर्थ चालतात आणि प्रसंगावरून कळतात, पण प्रश्नपत्रिकेत प्रसंग नसतो. म्हणून क्रियापदाला ‘नाही’ चिकटवून वाक्य उलटं करू नका. मूळ वाक्य तसंच ठेवा आणि शेवटी ‘असं नाही’ जोडा. ‘सगळे विद्यार्थी पास झाले, असं नाही.’ आता संशय उरला नाही. ‘फक्त श्रीमंतच हे घेऊ शकतात, असं नाही.’ ‘हा रस्ता नेहमी मोकळा असतो, असं नाही.’ ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘फक्त’ यांना ही शेपटी चपखल बसते. ‘काही’ आणि ‘शक्य’ यांच्यासाठी मात्र ‘एकही नाही’ आणि ‘मुळीच शक्य नाही’ असंच करा. हा छोटा उपाय मला वर्गात एका मुलीच्या वहीत सापडला. तिनं प्रत्येक पर्यायाखाली बारीक अक्षरात ‘असं नाही’ लिहून पुढे ‘पडलं’ किंवा ‘उभं’ एवढंच लिहिलं होतं. त्यानंतर मी सगळ्यांना तसंच लिहायला लावते.

एक प्रश्न पूर्ण सोडवू

‘एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची वेळ रात्री दहापर्यंत वाढवली. पुढच्या वर्षी त्या गावातून स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या वाढली. त्यामुळे शेजारच्या गावांनीही वाचनालयाची वेळ वाढवली तर तिथलाही निकाल सुधारेल.’

निष्कर्ष : शेजारच्या गावांनी वेळ वाढवली तर तिथला निकाल सुधारेल. कशावरून? इथे सुधारला म्हणून. दरी दोन ठिकाणी दिसते. एक, आधी वेळ वाढली आणि मग निकाल वाढला, एवढ्यावरून वेळेमुळे निकाल वाढला असं धरलं. दोन, इथे झालं ते तिथेही होईल असं धरलं. आता पर्याय.

अ) निकाल वाढण्याला दुसरं कोणतंही कारण नव्हतं.
ब) निकाल वाढण्यात वाढीव वेळेचा काही ना काही वाटा होता.
क) वाचनालयात बसून केलेला अभ्यास घरच्या अभ्यासापेक्षा नेहमी चांगला होतो.
ड) शेजारच्या गावांतली काही मुलं तरी वाढीव वेळेत वाचनालयात येतील.

‘अ’ फार मोहात पाडतो, कारण आपल्याला ‘दुसरं कारण असेल का’ हीच शंका आली होती. पण उलटवा : दुसरंही एखादं कारण होतं. समजा त्या वर्षी जागाही जास्त निघाल्या. तरी वाढीव वेळेचा वाटा उरतोच, सल्ला उभाच राहतो. ‘अ’ बाद. ‘ब’ उलटवा : वाढीव वेळेचा काहीही वाटा नव्हता. मग दाखला कशाचा देणार? पडलं. ‘ब’ बरोबर. ‘क’ उलटवा : घरचा अभ्यासही कधी कधी तितकाच चांगला होतो. होऊ दे की! ज्या मुलाच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं आणि टीव्ही आहे, त्याला रात्री दहापर्यंतची खुर्ची मिळणं हेच मोठं आहे. सल्ला उभा. ‘ड’ उलटवा : शेजारच्या गावांतलं एकही मूल त्या वेळेत येणार नाही. पडलं. तेव्हा ‘ब’ आणि ‘ड’.

‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांशेजारी ठेवून परत वाचा. विषय एकच, ताकद वेगळी. गृहीतक म्हणजे निष्कर्ष टिकायला लागणारी कमीत कमी गोष्ट. म्हणून ‘काही’, ‘निदान’, ‘शक्य आहे’, ‘अगदीच नाही असं नाही’ असल्या मवाळ भाषेतले पर्याय या प्रश्नांत पुष्कळदा बरोबर निघतात.

यावरून काही जण ‘च’ दिसला की खोड, ‘फक्त’ दिसला की खोड, असा नियम पाठ करून येतात. तो घातक आहे. उताऱ्याचा निष्कर्षच कडक असेल, तर गृहीतकही कडक लागतं. वरच्याच उताऱ्याचा शेवट असा बदलून बघा : ‘त्यामुळे निकाल सुधारायचा असेल तर वाचनालयाची वेळ वाढवण्याशिवाय मार्ग नाही.’ आता ‘दुसऱ्या कोणत्याही उपायानं निकाल सुधारणार नाही’ हा कडक पर्याय आवश्यक झाला. पर्यायाची ताकद निष्कर्षाच्या ताकदीशी ताडून बघायची, शब्द पाहून खोडायचं नाही.

आवश्यक की पुरेसं

एलसॅट किंवा जीमॅट (व्यवस्थापन शिक्षणाची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांनी हा भाग सोडू नये; बाकीच्यांनी एकदा वाचून पुढे गेलं तरी चालेल. पुण्याहून मुंबईला जायला डेक्कन क्वीनचं तिकीट मिळालं तर काम झालं, ते पुरेसं आहे. पण आवश्यक नाही, एसटीही आहे. उलट, काहीतरी वाहन लागणं आवश्यक आहे, पण नुसतं ‘वाहन’ पुरत नाही, ते मुंबईला जाणारं हवं. आपल्याकडच्या परीक्षा बहुतेक वेळा आवश्यक गृहीतक विचारतात. एलसॅटमध्ये ‘पुढीलपैकी काय धरलं तर निष्कर्ष निश्चितपणे निघतो’ असा प्रश्न आला, तर ते पुरेसं गृहीतक मागताहेत. तिथे कडक पर्याय चालतो, आणि उलटवून बघण्याची युक्ती तिथे वापरायची नाही. पर्याय कारणात मिसळायचा आणि निष्कर्ष शंभर टक्के निघतो का ते बघायचं.

गृहीतक आणि अनुमान

उताऱ्यावरच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त गुण इथे जातात. गृहीतक निष्कर्षाच्या आधी असतं, त्याच्या पायाखाली. अनुमान उताऱ्यातून पुढे निघतं.

मीमांसा या जुन्या भारतीय दर्शनाच्या पंडितांचं, मीमांसकांचं, एक उदाहरण आहे : धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही. यावरून काय समजायचं? तो रात्री जेवत असणार. याला ते अर्थापत्ती म्हणतात. इथे ‘देवदत्त रात्री जेवतो’ हे पुढे निघालेलं वाक्य झालं. आणि ते काढताना आपण जे मुकाट्यानं धरलं, ‘न खाता कोणी धष्टपुष्ट राहत नाही’, ते गृहीतक. परीक्षेत ही दोन्ही वाक्यं पर्यायांत शेजारी शेजारी असतील. विचारलंय काय, ते परत एकदा वाचून मगच खूण करा.

आजच्या विषयावरचं एक घेऊ. ‘अनेक तालुक्यांत बोअरवेल दरवर्षी आणखी खोल घ्यावे लागत आहेत. ठिबक सिंचनाला अनुदान दिल्यास त्याच पिकाला कमी पाणी लागेल. त्यामुळे अनुदान वाढवल्यास भूजलाचा उपसा कमी होईल.’ ‘भूजल पातळी खालावत असावी’ हे अनुमान. पहिल्या वाक्यातून निघतं. गृहीतक ओळखायला शेताच्या बांधावर उभं राहून विचार करावा लागतो. ठिबकमुळे पाणी वाचलं, तर शेतकरी त्या पाण्याचं काय करील? आणखी दोन एकर भिजवील की! मग उपसा होता तेवढाच राहील. म्हणजे लेखकानं धरलंय : वाचलेलं सगळं पाणी आणखी क्षेत्र भिजवण्यात जाणार नाही. हे वाक्य उताऱ्याच्या कुठल्याही शब्दाला जोडत नाही, ते एका अडथळ्याला बाजूला सारतं. असे ‘अडथळा नाही’ सांगणारे पर्याय वरवर असंबद्ध वाटतात आणि म्हणून सुटतात. त्यांच्यासाठी उलटवून बघणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

सूचना आणि जाहिराती

बँकेच्या आणि सीईटीच्या पेपरात हे जास्त. ‘दरड कोसळल्याने घाटरस्ता बंद आहे. प्रवाशांनी पर्यायी मार्गाने जावे.’ यात ‘पर्यायी मार्ग उपलब्ध आहे’ हे धरलेलं आहे. ‘काही प्रवासी तरी सूचना पाहतील आणि मानतील’ हेही. कोणीच मानणार नसेल तर फलक लावायचा कशाला? पण ‘सगळे प्रवासी सूचना पाळतील’ हे धरलेलं नाही. जाहिरातीतही तसंच. ‘आमच्याकडे हप्त्यावर स्कूटर मिळेल’ यात ‘एकरकमी पैसे भरणं काहींना जड जातं’ हे धरलंय. ‘दुसरं कोणी हप्त्यावर देत नाही’ हे नाही. एवढं लक्षात ठेवलं की हा प्रकार लवकर हातात बसतो.

वेळ आणि उणे गुण

सीसॅटला प्रश्नामागे सरासरी दीड मिनिट येतं, उतारा वाचण्यासकट. बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकल्यास त्याच्या एक तृतीयांश वजा. पात्रतेसाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. तेव्हा सगळे प्रश्न सोडवण्याचा हट्ट नको. दोन गृहीतकांपैकी एकाबद्दल तरी खात्री असेल तरच खूण करा, कारण एक पक्कं झालं की चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात. एमपीएससीत चुकीला एक चतुर्थांश वजा. एमबीए सीईटीला उणे गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

एमपीएससीच्या पेपरात प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो. मराठी वाक्य अडखळतंय असं वाटलं तर शेजारचं इंग्रजी लगेच बघा. ‘सर्व… नाहीत’ सारख्या ठिकाणी त्यानं अर्थ पक्का होतो.

सराव कसा करायचा

जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससी आणि एमपीएससीच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, आधी त्याच. रोज पाचच प्रश्न, पण प्रत्येक पर्यायाचं उलट वाक्य वहीत लिहून. पहिले पंधरा दिवस घड्याळ लावू नका. या काळात एका प्रश्नाला पाच मिनिटं लागली तरी लागू देत. हात बसला की वेग आपला येतो. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण एका शब्दात लिहा : ‘कडक’, ‘दिशा’, ‘अनुमान’, ‘बाहेरचं ज्ञान’. महिन्यानं वही चाळली की आपला पाय नेमका कुठे घसरतो ते दिसतं. बहुतेकांचा एकाच ठिकाणी घसरतो.

त्याशिवाय रोज एक अग्रलेख घ्या, त्याचा निष्कर्ष एका ओळीत लिहा, आणि लेखकानं न बोलता काय धरलंय ते खाली दोन ओळींत. घरातल्या बोलण्यावरही हे करता येतं. मात्र मनातल्या मनात करा, जेवणाच्या ताटावर कोणाची गृहीतकं काढू नका.

आता तीन प्रश्न. उत्तरं लगेच खाली आहेत, हातानं झाकून सोडवा.

१) ‘आमच्या सोसायटीत सोलर बसवल्यावर सामायिक विजेचं बिल निम्म्यावर आलं. शेजारच्या सोसायटीनंही बसवलं तर त्यांचंही निम्म्यावर येईल.’ (अ) शेजारच्या गच्चीवर पुरेसं ऊन येतं. (ब) वीज वाचवण्याचा सोलर हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

२) ‘लोकलच्या दारात उभे राहू नका, जिवाला धोका आहे.’ (अ) काही प्रवासी दारात उभे राहतात किंवा राहण्याची शक्यता आहे. (ब) ही सूचना वाचून सगळे प्रवासी आत सरकतील.

३) ‘ज्याअर्थी त्यानं फोन उचलला नाही, त्याअर्थी तो माझ्यावर रागावलाय.’ (अ) रागावलेला माणूस कधीच फोन उचलत नाही. (ब) फोन वाजलेला त्याला कळला होता.

पहिल्यात (अ). ऊन पुरेसं नसेल तर बिल निम्म्यावर येण्याची आशा संपली. स्वस्त-महाग हा विषयच निघालेला नाही. दुसऱ्यात (अ). कोणी दारात उभंच राहणार नसेल तर सांगायचं कोणाला. आणि ‘सगळे’ शब्द सूचनेनं मागितलेला नाही.

तिसऱ्यात पुष्कळ जण (अ) धरतात. उलटवून बघा : रागावलेला माणूस कधी कधी फोन उचलतो, असं नाही की कधीच उचलत नाही. तरी बोलणाऱ्याचा तर्क जसाच्या तसा उभा आहे, कारण तो न उचललेल्या फोनावरून रागाकडे चाललाय, रागावरून फोनाकडे नाही. हाच तो धूर आणि आगीचा उलटा फिरवलेला दुवा. (ब) उलटवा : फोन वाजला हे त्याला कळलंच नव्हतं, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. आता न उचलण्यावरून रागाबद्दल काहीच म्हणता येत नाही. उत्तर (ब).